शनी कोठे आहे? पहाटेच्या आकाशाशी झालेली ओळख

एप्रिल २०१८ च्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. वार्षिक परीक्षा तोंडावर आली असताना इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याची आई वसतिगृहाच्या कार्यालयात येऊन बसली. मुलाला आठ दिवस घरी न्यावयाचे होते. कारण विचारले तेव्हा प्रथम ती बोलेना. मग म्हणाली, मुलाला साडेसाती लागली आहे असे गावात एकाने सांगितले आहे, शनीची शांत करून घ्यावी लागेल, त्यासाठी पैशांचीही जुळवाजुळव केली आहे. मुलाची रास मकर, असेही तिने सांगितले.

आम्ही जे सांगावयाचे ते सगळे सांगितले. ग्रह म्हणजे दगडाचे आणि वायूचे गोळे, त्यांना आपल्या घरादाराची खबर नसते, बाबासाहेबांनी आपल्याला या फेऱ्यातून केव्हाच बाहेर काढले आहे, इत्यादी. ती माउली पदर सावरून शांतपणे ऐकत होती. आमचे बोलणे संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "सर, तुमी पाहिलाय का शनी? कुठं असतो त्यो?"

कार्यालयात आम्ही तिघे शिक्षक होतो. त्यांतील एक विज्ञानाचे पदवीधर. तिघांनीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. ज्याचे भय खोटे आहे असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो, तो त्या घटकेला आकाशात कोणत्या बाजूस आहे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. शनी पाहिलेला मनुष्य त्या खोलीत नव्हता. तिचा विश्वास ऐकीव होता आणि आमचा अविश्वासही ऐकीवच होता. हे मान्य करणे जड गेले, पण ते खरे होते.

त्याच सायंकाळी पुण्यात पदार्थविज्ञान शिकत असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुमचे नशीब चांगले आहे. पहाटे पाच वाजता गच्चीवर जा, दक्षिणेकडे तोंड करा. या आठवड्यात शनी आणि मंगळ अगदी शेजारी आहेत." नशिबाचा उल्लेख त्याने थट्टेने केला होता, हे सांगावयास नको.

बाई पालकांच्या खोलीत मुक्कामाला राहिल्या. ४ एप्रिलच्या पहाटे त्या, त्यांचा मुलगा, आम्ही तिघे आणि चाहूल लागून उठलेली पंधरा-वीस मुले गच्चीवर जमलो. नैर्ऋत्येकडे पौर्णिमा होऊन चार दिवस झालेला चंद्र होता. त्याच्याजवळ पिवळसर शुभ्र, ठळक असा गुरू. दक्षिणेला वृश्चिकाचा आकडा आणि त्यातला तांबूस ज्येष्ठा तारा. त्याच्या डावीकडे, थोड्या अंतरावर, दोन दिवे एकमेकांना खेटून असल्यासारखे दिसत होते. हात लांब करून करंगळी आडवी धरली, तर तिच्या रुंदीपेक्षा थोडेसेच अधिक अंतर. दोघांचे तेज जवळजवळ सारखे, पण एकाचा रंग निखाऱ्यासारखा, दुसऱ्याचा फिकट पिवळा. निखारा तो मंगळ, पिवळा तो शनी. मुलांच्या पत्रिकांत ज्यांची नावे सर्वाधिक धाक घालतात, ते दोघे एका करंगळीआड उभे होते.

बाईंनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "एवढुसाच हाय व्हय?" आणि थोड्या वेळाने, "मंग ह्यो समद्यास्नीच दिसत आसंल की." मुलगा परीक्षेला बसला.

आमच्या वसतिगृहातील पहाटेचे आकाशदर्शन सुरू झाले ते त्या दिवसापासून. ते कोणत्याही ठरावाने सुरू झाले नाही. आपल्याला उत्तर देता आले नाही, ही बोच त्यामागे होती. त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो, चुकलो आणि मुलांकडून दुरुस्त करून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत. यासाठी दुर्बीण लागत नाही. लागते ती फक्त लवकर उठण्याची तयारी, आणि निवासी शाळेत वाढलेल्यांना ती सवय आहेच.

पहाटच का, असे कोणी विचारील. सायंकाळी वसतिगृहात जेवणाची घंटा असते, दिवे लागलेले असतात, रस्त्यावरची धूळ हवेत असते. पहाटे धूळ खाली बसलेली असते, बहुतेक दिवे विझलेले असतात आणि मन ताजे असते. आणखी एक कारण आपल्या पावसाळी मुलखाचे आहे. पहाटेचे आकाश हे काही महिन्यांनंतरच्या सायंकाळच्या आकाशाची आगाऊ प्रत असते. एप्रिलच्या पहाटे दक्षिणेला दिसणारा वृश्चिक ऑगस्टच्या अखेरीस सायंकाळी पुन्हा त्याच जागी येतो. परंतु तेव्हा महाराष्ट्रावर ढग असतात. पावसाळ्याच्या सायंकाळी जे आपल्यापासून झाकले जाते, ते उन्हाळ्याच्या पहाटे उघडे असते. सूर्योदयापूर्वी दीड तास गच्चीवर पोहोचावे. आपल्या अक्षांशावर तांबडे फुटण्यापासून सूर्योदयापर्यंत सुमारे सवा तास जातो, म्हणजे काळोखातील पंधरा-वीस मिनिटे डोळे सरावण्यास मिळतात. बॅटरी न्यावयाची झाल्यास तिच्या काचेवर पतंगाचा लाल कागद बांधावा. पांढऱ्या प्रकाशाने सरावलेले डोळे क्षणात पुन्हा अंधारतात.

पहिला प्रश्न नेहमी एकच असतो. एवढ्या ठिपक्यांतून ग्रह कोणता आणि तारा कोणता? तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य सर्वांना पाठ असते. ते खरे आहे, पण अर्धे. तारे इतके दूर आहेत की ते केवळ बिंदू म्हणून दिसतात, आणि हलणाऱ्या हवेतून येताना त्या एकाच बिंदूचा प्रकाश थरथरतो. ग्रह डोळ्यांना बिंदू वाटला तरी ती एक लहानशी चकती असते. तिच्या अनेक बिंदूंची थरथर एकमेकींना भरून काढते आणि प्रकाश स्थिर वाटतो. मात्र क्षितिजालगत हवेचा थर इतका जाड असतो की तेथे ग्रहही थरथरतात. क्षितिजावर लाल-हिरवे रंग फेकीत लवलवणारा शुक्र पाहून आमच्या मुलांनी एकदा विमान आले, विमान आले, म्हणून ओरडा केला होता. म्हणून ही कसोटी क्षितिजापासून दोन मुठी वर असलेल्या ज्योतीलाच लावावी.

मुठींचे हे माप आमच्या फार उपयोगी पडले. हात सरळ लांब करून मूठ धरली, तर तिची रुंदी आकाशातील सुमारे दहा अंश झाकते. करंगळी सुमारे एक अंश. मुलांचे हात लहान असतात तशा त्यांच्या मुठीही लहान असतात, त्यामुळे माप प्रत्येकाला साधारण सारखेच लागू पडते. क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत नऊ मुठी. हे समजले की "तिकडे, त्या झाडाच्या वर" असले बोलणे थांबते आणि "आग्नेयेला साडेतीन मुठी" असे बोलणे सुरू होते.

दुसरी खूण वाटेची. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या वाटेने सरकतो त्या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात. चंद्र आणि सर्व ग्रह याच वाटेच्या आसपास असतात, कारण सूर्याभोवती फिरणाऱ्या या साऱ्यांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत आहेत, एका ताटातल्या कडांप्रमाणे. पूर्वेकडून निघून माथ्याच्या जवळून पश्चिमेकडे जाणारी ही वाट एकदा मनात पक्की झाली की निम्मे काम होते. सप्तर्षींच्या किंवा ध्रुवाच्या बाजूला कोणी कितीही तेजस्वी ठिपका दाखविला, तरी तो ग्रह नव्हे, एवढे त्याच क्षणी सांगता येते.

आता शुक्र. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना तो दाखवावा लागत नाही. शुक्राची चांदणी उगवली म्हणजे मोट जुंपावयाची, ज्वारीच्या काढणीला निघावयाचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. घड्याळ नसलेल्या घरांत तेच घड्याळ होते. मात्र हे घड्याळ वर्षानुवर्षे पहाटेलाच चालत नाही. शुक्र काही महिने पहाटे पूर्वेला दिसतो, मग नाहीसा होतो, मग काही महिने सायंकाळी पश्चिमेला दिसतो. याचे कारण मुलांना मैदानावर दाखविता येते. एका मुलाला मध्ये सूर्य करून उभे करावे, दुसऱ्याने त्याच्याभोवती जवळून फेऱ्या घालाव्यात, आणि आपण सर्वांनी अधिक दुरून फिरत त्याच्याकडे पाहावे. जवळून फिरणारा कधी सूर्य झालेल्या मुलाच्या डाव्या हाताला दिसतो, कधी उजव्या, पण त्याच्यापासून फार दूर कधीच जात नाही आणि आपल्या पाठीमागे तर कधीच येत नाही. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंश दूर जातो, म्हणजे पाच मुठींच्या आतच. म्हणून मध्यरात्री माथ्यावर शुक्र पाहिला असे कोणी सांगितले, तर त्याने गुरू किंवा व्याध पाहिला असावा. बुध तर २८ अंशांपलीकडे जात नाही. त्यामुळे तो नेहमी संधिप्रकाशात बुडालेला असतो. आम्हांला तो पहिल्यांदा सापडला, तेव्हा शोध सुरू करून दीड वर्ष झाले होते.

शुक्राच्या या फेऱ्यांत एक गंमत आहे, आणि ती माजी विद्यार्थ्यांसाठी विशेष. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून शुक्र सरासरी ५८४ दिवसांनी एकदा जातो आणि त्यानंतर आठवड्याभरात पहाटेच्या आकाशात उगवतो. अशा पाच फेऱ्यांना जवळजवळ नेमकी आठ वर्षे लागतात, फरक केवळ दोन-अडीच दिवसांचा. २९ ऑक्टोबर २०१०, २६ ऑक्टोबर २०१८ आणि आता २४ ऑक्टोबर २०२६. या तिन्ही तारखांना शुक्र सूर्याच्या जवळून सायंकाळच्या बाजूकडून पहाटेच्या बाजूला गेला अथवा जाणार आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ज्या मुलांनी वसतिगृहाच्या गच्चीवरून शुक्राला चित्रा ताऱ्याशेजारी झळकताना पाहिले, ती आता नोकरी-व्यवसायाला लागली आहेत. येत्या नोव्हेंबरात ती जेथे असतील तेथून पूर्वेकडे पाहतील, तर शुक्र पुन्हा त्याच चित्रेशेजारी असेल. २०१० च्या तुकडीलाही हेच लागू आहे.

पहाटताऱ्याचा आणि आपल्या परंपरेचा संबंधही अनेकांनी ऐकला असेल. पालि साहित्यात सिद्धार्थ गौतमाला बोधी प्राप्त झाली ती रात्रीच्या अंतिम यामात, असे सांगितले आहे. जपानमधील झेन परंपरा त्यात एक तपशील सांगते. तिच्या मते तो क्षण पहाटतारा दृष्टीस पडण्याचा होता, आणि तेथे ८ डिसेंबरला त्याचे स्मरण केले जाते. आम्ही ही गोष्ट मुलांना गोष्ट म्हणूनच सांगतो. पण आनापानाला बसण्यापूर्वी ती पूर्वेच्या खिडकीकडे एकदा पाहून घेतात, हेही खरे.

चंद्राविषयी सर्वांना सर्व माहीत असते, असे सर्वांना वाटते. आम्ही पालक मेळाव्यात एक प्रश्न हटकून विचारतो. सकाळी आठ वाजता, उन्हात, चंद्र दिसू शकतो का? निम्मे हात वर होत नाहीत. वस्तुतः पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात तो रोज सकाळी पश्चिमेला, फिकट ढगाच्या तुकड्यासारखा लोंबत असतो. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, या एका नियमावर पहाटेचा चंद्र उभा आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्य उगवताना मावळतो. वैशाख पौर्णिमेच्या पहाटे एका क्षितिजावर तो आणि दुसऱ्या क्षितिजावर तांबडे, असे दृश्य प्रभातफेरीला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले असेल, लक्षात घेतले नसेल इतकेच. वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या वेळी माथ्याच्या आसपास असतो. ज्या घरांत अष्टमी-पौर्णिमेचे उपोसथ पाळले जाते, त्यांना तिथी पाहण्यासाठी दिनदर्शिकेची गरज पडू नये.

वद्य द्वादशीपासून चतुर्दशीपर्यंतची पहाटेची कोर ही मात्र लवकर उठणाऱ्यांचीच मालमत्ता. तिची उजळलेली बाजू नेहमी जेथून सूर्य उगवणार आहे त्या दिशेला असते. भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे क्रांतिवृत्त पहाटे पूर्व क्षितिजावर जवळजवळ ताठ उभे राहते. त्यामुळे सूर्य कोरीच्या सरळ खाली येतो आणि कोर होडीसारखी आडवी दिसते. फाल्गुन-चैत्रात तीच कोर कललेली असते. कोरीच्या कुशीत उरलेला चंद्रही अंधूक राखाडी दिसतो. तो प्रकाश पृथ्वीचा. सूर्याचा प्रकाश आपल्या ढगांवर आणि समुद्रांवर आपटून चंद्राकडे जातो आणि तेथून परत आपल्या डोळ्यांत येतो. एका सहावीच्या मुलाने विचारले होते, "म्हणजे आपण चंद्रावर स्वतःचा उजेड पाहतो का?" आम्ही हो म्हणालो.

चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह. परंतु मुले अलीकडे उपग्रह म्हणतात तेव्हा त्यांना माणसाने सोडलेले अभिप्रेत असतात, आणि पहाटेच्या तासाभरात ते इतके दिसतात की आमचीच त्रेधा उडते. त्यांना स्वतःचा दिवा नसतो. आपण अजून पृथ्वीच्या सावलीत असतो, पण चारपाचशे किलोमीटर वर सूर्य पोहोचलेला असतो. त्या उन्हात ते चमकतात. विमानाला लाल-हिरवे आणि उघडझाप करणारे दिवे असतात, उपग्रहाची चकाकी अखंड असते आणि तो आवाज न करता ताऱ्यांमधून चालत जातो. सर्वांत ठळक ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंची, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग, दीड तासात पृथ्वीची एक फेरी. नोव्हेंबर २००० पासून त्यात एकही दिवस माणूस नाही असे झालेले नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला तेथे होते, तेव्हा आमची मुले रोज वेळापत्रक पाहून गच्चीवर जात. आषाढाच्या ढगांनी एकच पहाट मोकळी दिली. चार मिनिटे तो ठिपका वायव्येकडून आग्नेयेकडे गेला आणि वीस-पंचवीस हात त्याच्याकडे पाहून हलले. वरून हात दिसत नाहीत, हे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

पहाटेच्या उपग्रहांची एक खोड सायंकाळच्या उपग्रहांच्या नेमकी उलट असते, आणि ती कळली की सावलीचा सारा हिशेब उलगडतो. सायंकाळी पृथ्वीची सावली पूर्वेकडे असते, म्हणून पश्चिमेकडून आलेला उपग्रह आकाशाच्या मध्यावर चालता चालता विझतो. पहाटे सावली पश्चिमेकडे असते, म्हणून उपग्रह क्षितिजावरून वर चढताना दिसतच नाही. मध्येच, जेथे काहीच नव्हते तेथे, तो एकाएकी पेटतो आणि पूर्वेकडे जातो. वेळापत्रकात दिलेल्या मिनिटाला क्षितिजाकडे डोळे लावून बसलेल्यांची म्हणून फसगत होते.

एका हिवाळी पहाटे आमच्या रखवालदारांनी दार ठोठावून आम्हांला उठविले. आवाज कापरा होता. बाहेर येऊन पाहतो तो एका दोरीत ओवल्यासारखे पन्नासेक दिवे एकामागून एक आकाशातून चालले होते. रखवालदारांना ती कोणाची तरी यात्रा वाटली होती. ती कोणाची, हे येथे लिहिण्याची गरज नाही. मे २०१९ पासून स्टारलिंक नावाचे इंटरनेटचे उपग्रह अशा तुकड्यांनी सोडले जातात. सोडल्यानंतर काही दिवस ते ओळीने चालतात आणि मग आपापल्या उंचीवर विखुरतात. त्या दिवसापासून रखवालदार ही आमच्या मंडळाची सर्वांत जागरूक व्यक्ती आहे. सर्व अवकाशदिवे निरुपद्रवी असतात असे मात्र आम्ही सांगत नाही. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भ-मराठवाड्यातील असंख्य लोकांनी आकाशात जळत जाणारी रेघ पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे येऊन पडले. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असे अभ्यासकांनी सांगितले. तेव्हाही अनेक गावांत प्रथम अफवा पोहोचली आणि माहिती दुसऱ्या दिवशी.

आता त्या माउलीच्या शनीकडे परत येऊ. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. आकाशाची वाट बारा राशींत वाटलेली आहे. भागाकार केला तर एका राशीत शनी सुमारे अडीच वर्षे असतो. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि तिच्या पुढची रास, अशा तीन राशींचे अडीच-अडीच-अडीच, म्हणजेच साडेसात वर्षे. या शब्दात एवढेच गणित आहे. ते सातवीतल्या मुलाला करता येते. आणि हेच गणित एक पायरी पुढे नेले, तर असे दिसते की कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती चालू असतेच, म्हणजे साधारणतः दर चार माणसांत एकाला. चाळीस मुलांच्या वर्गात दहा जणांना. आम्ही हे फळ्यावर मांडले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग नापास तर दोघंच होतात."

त्या मुलाची साडेसाती पंचांगाच्या हिशेबाने मार्च २०२५ अखेर, शनी मीन राशीत गेला तेव्हा, संपली. मधल्या काळात त्याने दहावी पूर्ण केली, आयटीआय केले, आणि आज तो वीजतंत्री म्हणून काम करतो. शांत केली नाही. याच वर्षांत त्याच्या घरी दुष्काळ आला आणि टाळेबंदी आली. पण ती तर बाराही राशींच्या घरी आली. एका मुलाच्या उदाहरणाने काहीही सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. त्याचे बिनसलेही असते, आणि मग गावातल्या त्या सल्लागाराने आमच्याकडे बोट दाखविले असते. सिद्ध करावयाचे तर ते नारळीकरांनी केले तसे करावे लागते. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात एक चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतील मिळून दोनशे कुंडल्या जमविल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन कोणती कोणत्या गटातली ते ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांची अचूकता नाणेफेकीपेक्षा सरस निघाली नाही. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात ही चाचणी प्रसिद्ध झाली. आम्ही ती वरच्या वर्गांना वर्गातच, आकडे मांडून शिकवितो. पण ती शिकविण्यापूर्वी शनी दाखवितो. न पाहिलेल्या वस्तूविषयीचा युक्तिवाद लवकर विसरला जातो, असा आमचा अनुभव आहे.

येत्या महिन्यांत काय दिसेल, ते थोडक्यात सांगतो. शनी २५ मार्च २०२६ च्या सुमारास सूर्याआड जाईल. मे महिन्यात तो पहाटे पूर्वेला, मीन राशीच्या भागात, पुन्हा सापडू लागेल. २०१८ साली धनूत पाहिलेला शनी एवढा पुढे सरकला आहे. मंगळही त्या सुमारास पहाटेच्याच बाजूला असेल, पण फिकट. त्याचा निखारा वर्षाच्या अखेरीकडे फुलत जाईल. मग पाऊस. खरी पर्वणी दिवाळीनंतर आहे. १६ नोव्हेंबरच्या सुमारास मंगळ आणि गुरू सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या परिसरात, एकमेकांच्या अगदी जवळ येतील. त्याच पहाटे त्यांच्या बऱ्याच खाली पूर्वेला शुक्र आणि चित्रा असतील, आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात क्षितिजालगत बुधही. चार ग्रह एका वाटेवर, एका नजरेत. ५ आणि ६ डिसेंबरच्या पहाटे चंद्राची कोर शुक्राच्या आसपास असेल. महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीकडे निघालेल्या बांधवांना ती रेल्वेच्या खिडकीतूनही दिसावी, खिडकी पूर्वेची असली तर. कोणाजवळ दुर्बीण असेल त्यांनी गुरूकडे जरूर वळवावी. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले त्याचे चार चंद्र साध्या द्विनेत्रीतूनही, हात स्थिर असल्यास, ठिपक्यांसारखे दिसतात. सूर्योदयाच्या पाच मिनिटे आधी दुर्बीण पेटीत गेलीच पाहिजे. तिच्यातून सूर्याकडे चुकून गेलेली एक नजरही डोळा कायमचा निकामी करू शकते. हा नियम आमच्याकडे शिक्षकांनाही माफ नाही.

माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी जे मुक्कामाला येतील, त्यांनी साडेचारला गच्चीवर यावे. किल्ली रखवालदारांकडे आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा कठडा अजूनही हलतो, आणि बॅटरीसाठी लाल कागद आपला आपण आणावा.